हवेच्या पडद्यापलीकडे

मुंबईत कुलाब्याला, समुद्राच्या काठी, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. ती डॉ. होमी भाभा यांनी स्थापन केली.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. १९२७ साली ते शिक्षणासाठी इंग्लंडमधील केंब्रिजला गेले. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले होते. वडिलांनी अट घातली, की आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास व्हावे. होमींनी ती अट पूर्ण केली आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास सुरू केला.

अंतराळातून पृथ्वीकडे सतत सूक्ष्म कण येत असतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात. भाभांनी त्यांवर मोठे संशोधन केले. १९३९ साली ते सुट्टीत भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. युद्ध संपल्यावर ते परत जाऊ शकले असते. पण आपल्याच देशात संशोधन वाढावे म्हणून ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी ही संस्था सुरू केली.

हवेमुळे आपण जगतो. पण तीच हवा विश्वकिरणांना अडवते. म्हणून संस्थेतील शास्त्रज्ञ मोठ्या फुग्यांना उपकरणे बांधून ती उंच आकाशात पाठवू लागले.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात विमान कोसळून भाभांचे निधन झाले. ते अवघे ५६ वर्षांचे होते. त्यांचे काम मात्र थांबले नाही.

निखाऱ्याची ऊब दुरूनही जाणवते. ही ऊब आणणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. तारे जेथे जन्मतात, त्या धुळीच्या थंड ढगांतूनही असे किरण निघतात. पण हवेतील पाण्याची वाफ त्यांतील बरेचसे वाटेतच शोषून घेते. १९८३ साली ‘आयरास’ ही अवरक्त दुर्बीण पृथ्वीभोवती फिरू लागली. भाभांच्या संस्थेने १०० सेंटीमीटर व्यासाचा आरसा असलेली अवरक्त दुर्बीण बनवली. हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी ती सुमारे ३० किलोमीटर उंच नेली. तिची उपकरणे द्रवरूप हेलियमने अतिशय थंड ठेवावी लागत. नाहीतर त्यांच्याच उष्णतेत दूरच्या ढगांचे किरण हरवून गेले असते. काम संपले, की दुर्बीण पॅराशूटने खाली येई.

भाभांना ही दुर्बीण पाहता आली नाही. पण ती घडवणारे हात त्यांच्याच संस्थेतले होते.