कर्मवीर भाऊराव पाटील : ताठ मानेची झोळी

दानावर चालणाऱ्या वसतिगृहाचे पहिले संकट पैशाच्या टंचाईचे असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. पैसा आज नसतो, उद्या येतो. त्याच्याबरोबर जे येते ते अधिक अवघड असते. देणाऱ्याला काहीतरी हवे असते. कुणाला पाटीवर नाव हवे असते, कुणाला आपल्या जातीची मुले पुढे हवी असतात, तर कुणाला केवळ कृतज्ञतेने वाकलेल्या माना पाहायच्या असतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका वसतिगृहात होतो. तेथे थंडीत घोंगड्या वाटण्याचा कार्यक्रम झाला आणि छायाचित्र नीट आले नाही म्हणून मुलांना घोंगड्या परत देऊन पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. त्या दिवशी मी गप्प राहिलो, ही माझी चूक होती. पुढे इतिहास शिकवताना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्राकडे मी वारंवार वळलो, त्याचे एक कारण ती घोंगड्यांची रांग आहे. आयुष्यभर हात पसरूनही या माणसाने मुलांच्या माना वाकू कशा दिल्या नाहीत, हे मला समजून घ्यायचे होते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. मूळ घराणे ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला असल्याने बदल्यांच्या गावी बालपण गेले. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून लहानग्या भाऊने विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची हकिगत साताऱ्याकडची जुनी माणसे सांगत आली आहेत. अभ्यासात मात्र त्यांचे मन फारसे रमले नाही. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात असताना ते जैन वसतिगृहात राहत. १९०८ साली राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले, आणि त्यांनी साफ नकार दिला. परिणामी वसतिगृहाचे दार बंद झाले. मग शाहू महाराजांच्या राजवाड्यावर त्यांना आसरा मिळाला. मॅट्रिकचा उंबरठा मात्र त्यांना ओलांडता आला नाही.

वसतिगृहातून काढून टाकलेल्या मुलाने पुढे महाराष्ट्रातील सर्वांत मोठी वसतिगृहांची साखळी उभारली, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. त्यातील खोच अशी की, दोन वेळच्या अन्नाच्या बदल्यात अट स्वीकारायची की नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर प्रथम विद्यार्थी म्हणून आला होता. संस्थाचालक ते नंतर झाले.

दुसरी कसोटी १९१४ साली आली. कोल्हापुरात राजघराण्यातील इंग्रज पुतळ्यांना डांबर फासले गेले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव आला. ज्या जैन वसतिगृहाने त्यांना बाहेर काढले, त्याची सूत्रे याच लठ्ठे यांच्या हाती होती. सूड उगवायला याहून सोयीची संधी कोणती असणार? भाऊरावांनी तुरुंग सोसला, छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही.

पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरले आणि नंतर साताऱ्याजवळच्या कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत सहभागी झाले. या भटकंतीकडे चरित्रकार घाईने पाहतात, पण माझ्या मते हीच त्यांची खरी शाळा होती. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते. त्याच्या कणगीत किती दाणे आहेत, कर्ज किती आहे, पोरगा गुरांमागे का आहे, हे त्याला न विचारता समजते. पुढे वसतिगृहासाठी धान्य मागायला निघाले, तेव्हा कुणाकडे काय मागावे आणि कुणाकडे मुळीच मागू नये, हे त्यांना ठाऊक होते. शिक्षणकार्यासाठी कबूल केलेल्या मदतीवरून मालकांशी बिनसले आणि ती नोकरी त्यांनी सोडली, असे सांगितले जाते.

दूधगाव येथे सहकाऱ्यांच्या मदतीने सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होताच. सत्यशोधक चळवळीचे संस्कारही होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले.

आपल्या वाचकांना सातारा वेगळ्या कारणाने आठवतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच गावातील सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले होते. घरून आणलेल्या गोणपाटावर तो मुलगा इतरांपासून दूर बसत असे. त्यानंतर चोवीस वर्षांनी त्याच गावात भाऊरावांच्या घरी महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी मुले एका ओळीत जेवायला बसू लागली. योगायोग असा की, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले, तेही त्याच सुमारास, १९२५ साली. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण मुलाला राहायला जागा आणि खायला अन्न मिळाल्याखेरीज शाळेचे दार उघडून उपयोग नाही, हे दोघांनीही ओळखले होते.

साताऱ्यातील त्या पहिल्या वर्षांचा विचार करताना मला भाऊरावांच्या आधी लक्ष्मीबाई दिसतात. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि लक्ष्मीबाईंना वहिनी. सोवळेओवळे कडक पाळणाऱ्या घरात वाढलेली ही स्त्री. तिच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने एके दिवशी सर्व जातींची पोरे आणून बसवली. तिच्या मनात त्या वेळी काय उलथापालथ झाली असेल, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. तिने भाकऱ्या थापल्या, आजारी मुलांच्या उशाशी बसली, परक्या पोरांच्या डोक्याला तेल लावले. घरातले धान्य संपले तेव्हा एकेक करून अंगावरचे दागिने मोडले आणि अखेर मुले उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्रही दिले. १९३० साली ती गेली. रयतच्या इमारतीचे दाते कोण, असे विचारले तर अनेक राजेरजवाड्यांची नावे निघतात. माझ्या मते पहिले नाव तिचे आहे, आणि तिच्या दानाला अट नव्हती. तिच्या नावाने पुढे गरीब विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी कर्ज देणारी पतपेढी निघाली. ते योग्यच झाले, पण तिच्या हयातीत तिच्या कष्टांचा हिशेब कुणी मांडला नाही, हेही इतिहासाच्या शिक्षकाने सांगितले पाहिजे.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. इतक्या जातींची मुले एकत्र राहतात, जेवतात, हे पाहून आपल्या आश्रमात हे इतके साधले नसल्याची कबुली गांधीजींनी दिल्याचे सांगतात. पुढे हरिजन सेवक संघाकडून या कामाला सालीना ५०० रुपये मिळू लागले. साताऱ्याच्या छत्रपतींनी धनिणीची बाग राहण्यासाठी दिली. मदत आली ती अशी चहूकडून. त्यात राजे होते, काँग्रेसवाले होते, ब्राह्मणेतर पुढारी होते आणि सरकारही होते. १९३५ साली बादशहा पाचवा जॉर्ज यांच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून त्यांनी शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. ज्याच्याकडे द्यायला काही आहे, त्याच्याकडून घ्यायचे, पण पंगत एकच राहील, ही बाब चर्चेला ठेवायची नाही, असा त्यांचा व्यवहार होता. वेगळा स्वयंपाक हवा असणाऱ्याचे दान तेथे खपणारे नव्हते.

येथे एका गोष्टीवर थांबणे भाग आहे. १९३२ च्या पुणे करारानंतर त्या कराराची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. आपल्या समाजाच्या मनात त्या कराराची जखम आजही ओली आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले, आणि तेही उपोषणाच्या दडपणाखाली गेले. ज्या घटनेने आपण हरलो, तिच्या नावे वसतिगृह काढावे, हे वाचून पूर्वी मला राग येत असे. आजही ते नाव मला रुचत नाही. परंतु भाऊरावांनी त्या नावाखाली काय केले, हे पाहणे न्यायाचे ठरेल. सवर्ण पुढाऱ्यांनी त्या दिवसांत विहिरी आणि देवळे खुली करण्याच्या सभा घेतल्या, ठराव केले आणि बहुतेक जण महिन्या-दोन महिन्यांत घरी गेले. भाऊरावांनी अस्पृश्य आणि स्पृश्य मुलांना एका छपराखाली झोपवले आणि ते छप्पर टिकवले. करारात गमावलेल्या हक्कांची भरपाई एका वसतिगृहाने होत नाही. तेवढे मान्य करूनही त्या छपराखाली शिकून बाहेर पडलेल्या मुलांना मी विसरू शकत नाही.

पैशाचे गणित त्यांनी मुळातच वेगळ्या पद्धतीने मांडले होते. मोठ्या देणगीदारावर सारा भार टाकायचा नाही. गावोगावच्या घरांतून मूठ मूठ धान्य गोळा करायचे. या मुष्टिफंडात जी बाई मूठभर ज्वारी घालते, तिला छायाचित्र नको असते, पाटीही नको असते. तिला फक्त आपल्या पोराला तेथे जागा मिळेल का, एवढेच विचारायचे असते. आणि असे दाते हजारो असले म्हणजे त्यांतील कुणी एक रुसल्याने चूल विझत नाही. दुसरा भाग मुलांच्या श्रमाचा. दळण, पाणी, झाडलोट, स्वयंपाक मुलेच करीत. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेथे कमवा आणि शिका हे तत्त्व त्यांनी पद्धतशीर राबवले. माळरानावर मुलांनी दगड फोडले, जमीन तयार केली, पिके घेतली. काही पालकांना हे आवडत नसे. आम्ही पोराला शिकायला पाठवले, खणायला नाही, अशी तक्रार आजही आपल्याकडे ऐकू येते आणि तिच्यात तथ्य नाही असे नाही, कारण ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबणे भोगले, त्यांना श्रमाचे गोडवे ऐकवताना जपून बोलावे. फरक इतकाच की, तेथे पाटलाचा पोरगाही त्याच खड्ड्यात उतरत होता, आणि खणलेल्या जमिनीतले पीक त्यांच्याच ताटात येत होते. स्वतः मिळवलेली भाकरी खाणाऱ्या मुलाला कुणाच्या दयेची छाया सोसावी लागत नाही.

१९३७ नंतर प्रांतात लोकनियुक्त सरकार आले आणि शाळा नसलेल्या खेड्यांत संस्थेने व्हॉलंटरी शाळा काढण्याचा सपाटा लावला. चावडीत, देवळाच्या पडवीत, मिळेल तेथे वर्ग भरले. अशा पाचशेहून अधिक शाळा निघाल्या. जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. या कॉलेजाचे नाव बदलून आपले नाव दिल्यास मोठी रक्कम देऊ, असे एका धनिकाने सुचवल्याची आणि प्रसंगी बापाचे नाव बदलीन पण शिवरायांचे नाही, अशा आशयाचे उत्तर भाऊरावांनी दिल्याची गोष्ट रयतच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असते.

खरी परीक्षा मात्र त्यानंतरची. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. तोवर पसारा केवढा तरी वाढला होता. शेकडो शिक्षकांचे पगार, हजारो मुलांची जेवणे, हे मूठभर ज्वारीवर भागणारे नव्हते. शब्द मागे घेतले असते तर रक्कम दुसऱ्या दिवशी सुटली असती. त्यांनी ते केले नाही. वयाची साठी उलटलेला, पांढऱ्या दाढीचा, अनवाणी चालणारा हा माणूस पुन्हा झोळी घेऊन गावोगाव निघाला. लोकांनी दिले. शिक्षकांनी कमी पगारावर, कधी पगाराविना काम केले. गाडगेबाबांनी त्यांच्या बाजूने सरकारकडे शब्द टाकला, आणि यथावकाश अनुदान पुन्हा सुरू झाले. त्या काळात गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्पही त्यांनी सोडलेला होता. अनुदान बंद असताना असा संकल्प करणे व्यवहाराला सोडून होते, असे माझे मत आहे. त्याचा ताण अखेर शिक्षकांच्या घरच्या चुलीवर पडला असणार, आणि त्या चुलींचा उल्लेख गौरवग्रंथांत क्वचितच येतो.

१९५४ साली कराडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. शाळेत न गेलेल्या संताचे नाव मॅट्रिक न झालेल्या माणसाने कॉलेजाला दिले. जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले आणि एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने डी.लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. तोवर प्रकृती पार ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मागे शंभराहून अधिक हायस्कुले, तीन महाविद्यालये आणि कित्येक वसतिगृहे राहिली. त्या वर्षीही जूनमध्ये साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात नवी मुले पत्र्याच्या पेट्या घेऊन आली, आणि संध्याकाळी पंगत बसली.