बाबूराव पेंटर

बाबूराव पेंटर (मूळ नाव: बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ३ जून १८९०, कोल्हापूर – १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रपट दिग्दर्शक, चित्रकार व शिल्पकार होते. मूकपटांच्या काळात कोल्हापूरला चित्रपटनिर्मितीचे केंद्र बनविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल यांची चित्रपटकलेतील जडणघडण त्यांच्या हाताखाली झाली.

प्रारंभिक जीवन

बाबूरावांचा जन्म कारागिरांच्या घराण्यात झाला. वडील कृष्णराव यांच्याकडून हस्तकौशल्याचा वारसा त्यांना मिळाला. चित्रकला व शिल्पकला त्यांनी कलाशाळेत न जाता स्वप्रयत्नाने आत्मसात केली. नात्याने भाऊ असलेल्या आनंदराव पेंटर यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. या कामामुळे दोघांनाही 'पेंटर' हे नाव मिळाले आणि तेच पुढे रूढ झाले.

कॅमेऱ्याची निर्मिती

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाल्यानंतर दोघे भाऊ चित्रपटाकडे ओढले गेले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रक्षेपक विकत घेतला. त्यावर चित्रपट दाखवीत असतानाच ते या यंत्राचा अभ्यास करीत होते. स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचे काम आनंदरावांनी हाती घेतले. परंतु १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले हे काम बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने चालू ठेवले आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा सिद्ध केला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. तिला तानीबाई कागलकर यांचे आर्थिक साहाय्य लाभले. कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यात स्त्री-भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. त्या काळी चित्रपटात काम करणे अप्रतिष्ठेचे मानले जाई. त्यामुळे गुलाबबाई व अनसूयाबाई या अभिनेत्रींना समाजाचा बहिष्कार सोसावा लागला आणि कंपनीच्याच आवारात आश्रय घ्यावा लागला. या चित्रपटातील कीचकवधाचे दृश्य इतके परिणामकारक होते की त्याला परिनिरीक्षणाची कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

दिग्दर्शनशैली

नाटकातील सपाट रंगीत पडद्यांऐवजी खोली असलेले नेपथ्य उभारून त्यात पात्रांची रचना करण्यावर बाबूरावांचा भर होता. ह. ना. आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर आधारित 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. पटकथालेखन, नेपथ्य व वेशभूषा यांत ते स्वतः लक्ष घालीत. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत.

'सावकारी पाश' (१९२५) हा त्यांचा सर्वाधिक महत्त्वाचा चित्रपट मानला जातो. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात सावकारामुळे जमीन गमावून गिरणी कामगार होण्याची पाळी आलेल्या शेतकऱ्याचे चित्रण आहे. शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली होती. पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र त्याला अपेक्षित प्रतिसाद दिला नाही आणि बाबूराव पुन्हा पूर्वीच्या विषयांकडे वळले. या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही.

प्रभातची स्थापना व बोलपट

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व केशवराव धायबर हे कंपनीतून बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. अनुभवी सहकारी एकाच वेळी गेल्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी खिळखिळी झाली. त्यातच बोलपटांचे युग सुरू झाले व कंपनी बंद पडली. ध्वनीमुळे चित्रपटाची कष्टाने घडविलेली दृश्यभाषा नष्ट होईल, अशी बाबूरावांची धारणा होती. त्यामुळे ते चित्रकला व शिल्पकलेकडे परतले. तरीही 'उषा' (१९३५), 'सावकारी पाश'ची बोलपट आवृत्ती (१९३६) व 'प्रतिभा' (१९३७) हे बोलपट त्यांनी दिग्दर्शित केले.

अखेरचा काळ

शांताराम यांच्या राजकमल कलामंदिर या संस्थेसाठी बाबूरावांनी 'लोकशाहीर राम जोशी' (१९४७) हा चित्रपट केला. एकेकाळी गुरूच्या कंपनीत पडेल ते काम करणारा शिष्य आता निर्माता होता आणि गुरू त्याच्या संस्थेत दिग्दर्शक. जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट अत्यंत लोकप्रिय झाला. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले.

वारसा

बाबूरावांचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले. त्यामुळे त्यांच्या कलेचे मूल्यमापन प्रामुख्याने समकालीनांच्या आठवणी, उरलेली छायाचित्रे व मोजके बोलपट यांवरून करावे लागते. प्रभातच्या चित्रपटांतील भव्य नेपथ्य व काटेकोर प्रकाशयोजना यांमागे महाराष्ट्र फिल्म कंपनीत मिळालेले शिक्षण होते. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' (१९३६) हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला.