चोखोबांची पायरी आणि साने गुरुजी

आषाढी एकादशीस पंढरीच्या महाद्वारापाशी पोहोचलेला वारकरी प्रथम नामदेवांच्या पायरीस आणि समोरच्या चोखोबांच्या समाधीस मस्तक लावतो. ज्या भक्ताची थोरवी सर्व संतांनी मान्य केली, त्याच्या ज्ञातिबांधवांना मात्र शतकानुशतके ह्या समाधीच्या पुढे पाऊल टाकता येत नव्हते. हे द्वार १९४७ साली कसे उघडले, त्याचे स्मरण आजच्या पर्वणीस आम्हांस उचित वाटते.

पांडुरंग सदाशिव साने ह्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. अमळनेरच्या शाळेतील अध्यापन सोडून १९३० साली ते सत्याग्रहात उतरले आणि पुढे अनेकदा कारावासात गेले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’ने ते घरोघरी पोहोचले, हे वाचकांस सांगावयास नकोच.

मंदिरप्रवेशाचा प्रश्न काही त्यांनी प्रथम उपस्थित केला नव्हता. नाशिकच्या काळारामापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० पासून सत्याग्रह चालला, पुढे पाच वर्षे रेंगाळला, आणि द्वार उघडलेच नाही. अखेरीस बाबासाहेबांनी मंदिरांचा नादच सोडला. ज्यांचा अपमान झाला त्यांनी मागून मिळाले नाही, तेव्हा मागण्याची पाळी आता सवर्णांची होती, असे आम्हांस वाटते. गुरुजींनी ती स्वतःवर घेतली.

१९४६ च्या अखेरीस त्यांनी पंढरपुरी उपोषण करण्याचा संकल्प सोडला. सेनापती बापट प्रभृतींनी मात्र त्यांना थांबविले. आधी लोकांकडे चला, असा त्यांचा आग्रह. मग काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले. बरोबर सेनापती होते, राष्ट्र सेवा दलाचे तरुण कलापथक होते. सभेत गुरुजी बोलावयास उभे राहिले की त्यांचे डोळे भरून येत. ते वादविवाद करीत नसत, विनवीत. गावोगावी विहिरी मोकळ्या झाल्या, ग्रामदेवतांची दारे उघडली. उपोषणापेक्षा ह्या दौऱ्याचे मोल आम्ही अधिक मानतो. पाणवठ्यावर ज्या गृहिणीने आपली घागर बाजूस सारून दुसरीस जागा दिली, तिचे नाव कोठे नोंदलेले नाही. पण पंढरीचे द्वार प्रथम तेथे हलले.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. कीर्तनकाराच्या मठाने आसरा द्यावा, ही गोष्ट वारकरी संप्रदायास भूषणावह होय. विरोधकांनी त्यांना भीमेपार हाकलण्याच्या घोषणाही दिल्या. महात्माजींपर्यंत वस्तुस्थिती नीट न पोहोचल्याने त्यांनीही उपोषण सोडण्याची तार धाडली. ज्यांना गुरुजी गुरुस्थानी मानीत त्यांचा शब्द मोडावा लागणे, ही त्या दहा दिवसांतील सर्वांत कठीण कसोटी असावी. प्रकृती खालावत गेली, पण निश्चय ढळला नाही. अखेर दादासाहेब मावळंकर मध्यस्थीस आले, बडव्यांनी संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली ती पाळणाऱ्यास शिक्षा देणारा स्वतंत्र कायदाही आला. कायदा झाला म्हणून प्रत्येक गावाचा पाणवठा एक झाला, असे मात्र कोणी समजू नये.

गुरुजींना पुढचे फारसे पाहावयास मिळाले नाही. महात्माजींच्या हत्येने व्यथित होऊन त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक काढले, आणि ११ जून १९५० रोजी स्वतःच्या हातांनी जीवनयात्रा संपविली. त्या वर्षीची आषाढी अजून यावयाची होती.