विश्लेषण : वर्कफ्लो डायग्रामची मुळे विटांच्या भिंतीत, कोण होते फ्रँक गिलब्रेथ?

शंभर-दीडशे चौकोनांचा वर्कफ्लो डायग्राम उघडला, एक चौकोन हलवला आणि उरलेले बाण विस्कटले, असा अनुभव अनेकांना येतो. कामाच्या पायऱ्या कागदावर चिन्हांनी मांडण्याची पद्धत रुजवणारे फ्रँक गिलब्रेथ यांनी यावरचा उपाय १०० वर्षांपूर्वीच सांगून ठेवला आहे.

गवंडी ते अभियंता

गिलब्रेथ यांचा जन्म ७ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मेन राज्यात झाला. महाविद्यालयात न जाता ते १७व्या वर्षी बॉस्टनमध्ये गवंडीकाम शिकू लागले. प्रत्येक विटेसाठी गवंडी खाली वाकतो, हे त्यांनी हेरले. मग विटा हाताच्या उंचीवर राहतील अशी, भिंतीसोबत वर सरकणारी परांची त्यांनी बनवली. एका विटेमागच्या १८ हालचाली सुमारे ५ वर आल्या. तासाला १२० ऐवजी ३५० विटा रचल्या जाऊ लागल्या. गवंड्याचे हात घाई करत नव्हते. त्याचे वाकणे वाचले होते.

प्रोसेस चार्ट काय होता?

१९०४ मध्ये त्यांचा विवाह लिलियन मोलर यांच्याशी झाला. पुढे दोघांनी मिळून कामगारांच्या हालचालींचे चित्रीकरण करून अभ्यास केला. १९२१ मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे गिलब्रेथ यांनी प्रोसेस चार्ट मांडला. त्यांचा आग्रह होता, की संपूर्ण प्रक्रिया एका नजरेत आल्याशिवाय तिच्या एकाही भागाला हात लावू नये. कारण एक पायरी बदलली की पुढच्या-मागच्या पायऱ्याही बदलतात.

आज उपयोग काय?

मोठा डायग्राम बदलताना क्रम हाच ठेवावा. संबंधित पायऱ्या सब-प्रोसेसमध्ये घडी करून आधी वरचा आराखडा पाहावा. अनावश्यक पायऱ्या काढाव्यात. मग हवा तोच भाग उघडून दुरुस्त करावा. बाण सरळ करण्याचे काम शेवटी. जी पायरीच नको, तिची मांडणी सुधारण्यात वेळ कशाला घालवायचा?

पुढे काय झाले?

१४ जून १९२४ रोजी रेल्वे स्थानकावरून पत्नीशी फोनवर बोलत असताना गिलब्रेथ कोसळले. ते ५५ वर्षांचे होते. घरात ११ मुले होती. तरीही काही दिवसांतच लिलियन युरोपला गेल्या आणि प्राग येथील परिषदेत त्यांच्या जागी उभ्या राहिल्या. १९४७ मध्ये त्याच अभियंता संस्थेने प्रोसेस चार्टची चिन्हे प्रमाणित केली : क्रिया, वाहतूक, तपासणी, विलंब आणि साठवण.