प्रियदर्शी सम्राट अशोक : माणसांचा आणि मुक्या जीवांचा राजा

सम्राट अशोक म्हटला की आपल्या उपासक-उपासिकांना कलिंगचं युद्ध आठवतं. पण युद्धानंतर या राजाने मुक्या जनावरांसाठी काय केलं, हे वस्तीत फारसं कुणी सांगत नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्याचं चरित्र त्या अंगाने मांडत आहोत.

चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र अशोक इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात पाटलिपुत्राच्या गादीवर आला. राज्याभिषेकाला ८ वर्षं झाल्यावर त्याने कलिंग, म्हणजे आजच्या ओडिशाचा मुलूख जिंकला. एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख धरून नेली, त्याच्या कित्येक पट नंतर मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत, खुद्द राजाने आपलं दुःख म्हणून दगडावर कोरून ठेवले आहेत.

करुणा एकदा जागी झाली की ती माणसापाशी थांबत नाही. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज हजारो प्राणी कापले जात. ते त्याने दोन मोर आणि एका हरणावर आणलं, आणि पुढे तेही बंद करण्याचं जाहीर केलं. यज्ञातले पशुबळी थांबवले. राज्याभिषेकानंतर १० वर्षांनी तो बोधगयेला गेला. राजेलोकांची शिकारीची सहल सोडून त्याने धम्मयात्रा सुरू केली.

दुसऱ्या शिलालेखात तर माणसांचे औषधोपचार आणि जनावरांचे औषधोपचार एकाच दमात सांगितले आहेत. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या. रस्त्याच्या कडेला झाडं लावली, विहिरी खोदल्या, त्या माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. यात शहाणपण आहे. बैल आजारी पडला तर नांगर थांबतो, नांगर थांबला तर चूल थांबते. कुणब्याच्या घरात हे पोरालाही कळतं.

राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावरच्या स्तंभलेखात सरसकट मांसबंदी नाही. पण गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या, डुकरिणी मारू नयेत, सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मारू नये, जंगलाला विनाकारण आग लावू नये, असे हुकूम आहेत. त्याच लेखाच्या शेवटी राजाने २५ वेळा कैदी सोडल्याची नोंद आहे. जनावरावरची दया आणि माणसावरची दया एकाच दगडावर!

हा दगड आपल्यापासून लांब नाही. आपल्या नालासोपाऱ्याला, प्राचीन शूर्पारकात, १८८२ साली आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो शिकार सोडल्याचा लेख. १९५६ साली तिथेच जवळ भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखात दास आणि नोकरांशी नीट वागणं आणि प्राणिमात्रांबाबत संयम ठेवणं, या दोन्हींना खरं मंगल म्हटलं आहे. त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी बाबासाहेबांनी नागपूरला आपल्याला धम्म दिला.

या भूमीत उलटंही घडलं. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी प्यायची, पण आपल्या माणसाला ओंजळ भरायची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केलं. जनावराला पाजायचं आणि माणसाला हाकलायचं, ही दया नव्हे, हे ढोंग आहे. तसंच आपण माणुसकीचा हक्क मागायचा आणि गाडीला जुंपलेल्या बैलाला पराणी टोचायची, हाही धम्म नव्हे. ज्याने मार खाल्ला आहे त्याला माराची वेदना जास्त कळायला पाहिजे.

आपण रोज वंदनेत पहिलं शील घेतो ते सर्व प्राण्यांसाठी आहे, नुसतं माणसांसाठी नाही. विहाराच्या दाराशी माणसासाठी पाण्याचा माठ असतोच. त्याच्या शेजारी जनावरांसाठी एक दगडी डोणी ठेवूया. चक्रवर्ती सम्राटाला एवढं वंदन पुरे आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!