प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

अमरावती जिल्ह्यातील माधानच्या शेतकरी कुटुंबातील गुलाबराव मोहोड यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी झाला. नऊ महिन्यांचे असतानाच त्यांची दृष्टी गेली. चौथ्या वर्षी आईही गेली. गावात अंधांची शाळा नव्हती. दुसऱ्यांनी वाचावे, त्यांनी ऐकावे, असेच ते शिकले. पुढे सांगून लिहवून घेत त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. १९१५ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. अष्टमीहून कुंडलिकेचा पूल ओलांडून येणाऱ्या अंध वर्गमित्राला मी धडे वाचून दाखवतो. गेल्या चाचणीआधी मी कंटाळा केला. त्याचा एक धडा राहिला. महाराजांना वाचून दाखवणाऱ्यांनी असाच कंटाळा केला असता तर?