पडद्याआडच्या पहिल्या कुलपती

विद्यापीठाचे कुलपतिपद हे मानाचे असते, कामाचे नसते, असा आपल्याकडे समज आहे. महाराष्ट्रात राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असल्याने पदवीदान समारंभापुरतीच त्यांची आणि विद्यार्थ्यांची गाठ पडते. कारभार कुलगुरूंचा, खुर्ची कुलपतींची. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ १९२० मध्ये स्थापन झाले तेव्हा तेथेही अशीच मांडणी होती. सर्वांत वर लॉर्ड रेक्टर म्हणून व्हाइसरॉय, प्रत्यक्ष कारभाराला कुलगुरू म्हणून महमूदाबादचे राजे आणि या दोहोंच्या मध्ये शोभेचे कुलपतिपद. त्या खुर्चीवर मात्र आली एक स्त्री, तीही बुरख्यातली! भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम या अलीगढच्या पहिल्या कुलपती होत.

क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी यांच्या या पणजी. १८१९ पासून भोपाळच्या गादीवर बहुतेक काळ स्त्रियाच होत्या. कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि शेवटच्या सुलतान जहाँ. त्यांचा जन्म १८५८ चा. राज्य वारशाने मिळाले, पण सुख नाही. आई शाहजहाँ बेगम यांनी दुसरा विवाह केल्यानंतर मायलेकींमध्ये असे वितुष्ट आले की, एकाच शहरात राहून वर्षानुवर्षे दोघींची भेट नव्हती. १९०१ मध्ये आईचे निधन झाले आणि गादी मिळाली. पुढच्याच वर्षी पतीचा मृत्यू झाला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या आतच ही स्त्री सर्वार्थाने एकटी पडली होती.

बेगमसाहेबांनी शिक्षण हाच कारभाराचा केंद्रबिंदू मानला. भोपाळमध्ये मुलींसाठी शाळा काढली, अलीगढच्या महाविद्यालयाला सढळ हाताने देणग्या दिल्या, धाकटे चिरंजीव हमीदुल्ला यांना शिकायला तेथेच पाठविले. परंतु खरी कसोटी वेगळीच होती. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नीने १९०६ मध्ये अलीगढमध्ये मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा गावातल्या प्रतिष्ठितांनीच तिला कडाडून विरोध केला. त्या शाळेला भोपाळहून दरमहा शंभर रुपयांचे अनुदान सुरू झाले. १९१४ मध्ये शाळेच्या वसतिगृहाचे उद्घाटन करायला बेगमसाहेब स्वतः अलीगढला गेल्या. एका संस्थानाच्या मुस्लिम शासकाने उघड पाठिंबा दिल्यावर विरोधकांचा आवाज आपोआप खाली आला.

तेव्हा १९२० चा मान हा काही केवळ राजघराण्याला केलेला मुजरा नव्हता. अर्थात, सरकारलाही त्या सोयीच्याच होत्या. बेगमसाहेब इंग्रजांशी एकनिष्ठ होत्या, १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणासाठी लंडनलाही जाऊन आल्या होत्या. विद्यापीठ जन्मले तेच असहकाराच्या वादळात. गांधीजी आणि अली बंधूंच्या आवाहनानंतर विद्यार्थ्यांचा एक गट बाहेर पडला आणि ऑक्टोबर १९२० मध्ये अलीगढमध्येच जामिया मिलिया उभी राहिली. अशा वेळी सरकारमान्य विद्यापीठाला वजनदार आणि निष्ठावंत नाव हवे होते. या पदाचे ते एक अलिखित कामच असते.

१९२२ मध्ये विद्यापीठाचा पहिला पदवीदान समारंभ त्यांच्या अध्यक्षतेखाली झाला. त्या दिवसाचा विरोधाभास सहज नजरेआड होण्याजोगा नाही. पदव्या देणारी स्त्री, घेणारे सारे पुरुष. आणि याच वर्षी पडद्याचे समर्थन करणाऱ्या त्यांच्या ‘अल हिजाब’ या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती प्रसिद्ध झाली. मुलींनी शिकावे, पण पडद्यात राहून शिकावे, असे त्यांचे मत होते आणि स्वतःच्या उदाहरणाने त्या ते पटवून देत.

१९२४ या एका वर्षात त्यांचे दोन्ही थोरले पुत्र गेले. वारसाचा प्रश्न उभा राहिला. थोरल्याचा मुलगा की धाकटे हमीदुल्ला? साठी उलटलेल्या बेगमसाहेब हमीदुल्लांची बाजू मांडण्यासाठी थेट लंडनला गेल्या, तो हक्क मान्य करून घेतला आणि १९२६ मध्ये गादीवरून पायउतार झाल्या. कुलपतिपद मात्र त्यांनी सोडले नाही.

राज्याचा भार उतरल्यावर त्यांच्या विचारांतही फरक पडला. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ मध्ये पुण्यात बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखाली भरले. पुढच्या वर्षी दिल्लीच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बेगमसाहेबांकडे आले. प्रचलित कडक पडदा मुस्लिम मुलींच्या शिक्षणाच्या आड येतो, हे त्यांनी तेथे मान्य केले. ज्यांनी आयुष्यभर पडद्याची बाजू लढविली, त्यांच्या तोंडून हे येणे साधी गोष्ट नव्हती. ‘अल हिजाब’ला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती.

मे १९३० मध्ये त्यांचे निधन झाले आणि कुलपतिपद हमीदुल्लांकडे गेले. वसतिगृहाचे उद्घाटन झालेल्या त्या शाळेचे पुढे महिला महाविद्यालय झाले आणि ते विद्यापीठाचा भाग बनले. त्याच महाविद्यालयाच्या प्राचार्य नईमा खातून यांची एप्रिल २०२४ मध्ये अलीगढच्या कुलगुरूपदी नियुक्ती झाली. कारभाराच्या खुर्चीवर बसणाऱ्या त्या पहिल्याच महिला.